मामंजींचं नाव

माझं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर अक्षरं जुळवणारा त्याचं काहीतरी करील, मुद्रितं तपासणारा त्यात आणखी सुधारणा करील, आणि तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर ते तिसऱ्याच कुणाचं तरी झालेलं असेल. नाव तसं अवघड नाही. त्यात जोडाक्षर नाही, की शब्दकोश उघडून बघावं असं काही नाही. गावाकडचं जुनं, साधं नाव आहे. आजकाल कुणी ठेवत नाही, एवढंच. पण त्याचं पहिलं अक्षर बदललं की एक दुसरं, सगळ्यांच्या ओळखीचं नाव तयार होतं, आणि लोक मला हटकून तेच चिकटवतात.

मी सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि जवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तिथल्या वेळापत्रकावर माझं नाव चुकीचं असतं. स्नेहसंमेलनाच्या फ्लेक्सवर चुकीचं असतं, आणि फ्लेक्सवर चुकतं ते चांगलं हातभर अक्षरांत चुकतं. एकदा निकाल चांगला लागला म्हणून माझा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला, आणि मानपत्र वाचायला उभ्या राहिलेल्या बाईंनी पहिल्याच ओळीत मला दुसरा माणूस करून टाकलं. टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला. त्या टाळ्या आपल्या समजायच्या की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अशा वेळी माणसानं वागावं कसं, याचे सगळे प्रयोग माझे करून झालेत. तरुण होतो तेव्हा भांडायचो. पत्रिकेत नाव चुकलं म्हणून एका आतेभावाच्या लग्नाला गेलोच नाही. तो म्हणाला, "आरं, पत्रिका छापखान्यानं छापली, म्या न्हाई." छापखान्यात जाऊन विचारलं, तर मालक म्हणाला, "सर, माणूस कळला ना? मग झालं की!" पुढं मी हसत हसत सांगायला लागलो. हसून सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही. शेवटी गप्प बसून पाहिलं. गप्प बसलं की लोकांना वाटतं, हेच बरोबर असणार. मग जे चारदोन जण नीट लिहीत होते तेही बिघडतात. भांडावं तर तिरसट, हसावं तर बावळट, गप्प बसावं तर आपणच त्या चुकीचे भागीदार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

बायकोला या सगळ्याची मजा वाटते. ती मला "अहो" म्हणते. "माझं बघा," ती म्हणते, "इतक्या वर्षांत एकदा तरी चुकलंय का?"

घर बांधलं तेव्हा मी निश्चय केला होता की निदान आपल्या दारावर तरी आपलं नाव शुद्ध लागेल. पाटी करणाऱ्याला तीनदा सांगितलं. तो वैतागून म्हणाला, "सर, तुमीच कागदावर लिवून द्या. तसंच्या तसं काढतो." दिलं लिहून. पाटी आली, खिळे मारून झाले, आणि खाली उभी असलेली बायको खो खो हसायला लागली. नाव चुकलं होतं. मी तावातावानं तसाच दुकानात गेलो. त्यानं माझा कागद काढून पुढं ठेवला. अक्षर माझं. शाई माझ्या पेनची. चूकही माझ्याच हातची. दुकानातून परत येताना मला रागही येईना आणि हसूही येईना. दुसऱ्यानं नाव चुकवलं तर काय करावं याचे प्रयोग मी केले होते; आपणच चुकवलं तर काय करावं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर ती चूक माझीही नव्हती. ती आईची होती, आणि आईच्या लेखी ती चूकच नव्हती.

आमचं गाव कुंडलच्या पलीकडं. उसाची शेती, आणि घरटी एखादा माणूस फौजेत. माझे वडीलही फौजेत होते. माझे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, माझ्या जन्माच्या आदल्या साली वारले, आणि मी जन्मल्यावर आजीनं हट्टानं त्यांचंच नाव माझ्या पाळण्यात ठेवलं. नातवाला आजोबाचं नाव, यात आमच्याकडं विशेष काही नाही. पण आमच्याकडं सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. नवऱ्याचं तर नाहीच; पण नवऱ्याच्या नावाला निदान उखाण्याची पळवाट असते, सासऱ्याच्या नावाला तीही नाही. मग पोटच्या पोरालाच सासऱ्याचं नाव मिळालं तर आईनं हाक कशी मारायची? आईनं तिच्यापुरता मार्ग काढला. पहिलं अक्षर बदललं. जवळचंच एक सोयीचं नाव तयार झालं आणि ती मला त्या नावानं हाका मारायला लागली.

ती हाका मारायची म्हणून शेजारणीही मारायला लागल्या, आणि बायका मारतात म्हणून पोरंही. वडील वर्षातून एकदा रजेवर येत. गावच्या शाळेत मला घालायला आईच गेली होती. गुरुजींनी नाव विचारलं, तिनं तिचं बदललेलं सांगितलं, त्यांनी ते लिहिलं. पुढं वडील रजेवर आले आणि शाळेत माझी चौकशी करायला गेले, तर गुरुजी म्हणाले, या नावाचा मुलगा आमच्याकडं नाही. वडील तणतणत घरी आले. आई दाराआड उभी होती. "तुला काय सांगायला जीभ झडली हुती काय?" ते ओरडले. ती तेवढंच म्हणाली, "मामंजींचं नाव म्या घेऊ व्हय?" त्यावर वडिलांचा आवाज एकदम खाली आला. शेवटी बापाचाच मान राखला होता तिनं. हायस्कूलला गेल्यावर त्यांनी तिथं खरं नाव लावलं. तेव्हापासून माझी दोन नावं कागदोपत्री सुखानं नांदतायत.

मला मात्र लहानपणापासून एकच ध्यास होता. आईच्या तोंडून माझं खरं नाव एकदा ऐकायचं. का, ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या पोरांच्या आया त्यांना शिव्या घालतानासुद्धा खऱ्या नावानं घालत, त्याचा मला हेवा वाटायचा. आई रहिमतपूरची, चौथी शिकलेली, वाचता चांगलं यायचं तिला. मी मुद्दाम माझं पुस्तक तिच्यापुढं धरायचो आणि पहिल्या पानावर मी लिहिलेल्या माझ्या खऱ्या नावावर बोट ठेवायचो. "हे काय लिहिलंय, वाच की." ती मान वाकडी करून म्हणायची, "ते अक्षर मला येत न्हाई बाबा." खालचं आडनाव ती खडखडीत वाचायची, इयत्ता वाचायची, तुकडी वाचायची.

आजोबांबद्दल तिला नुसता धाक नव्हता, हे मला उशिरा कळलं. ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा सगळ्या घराच्या बडबडीत ती गांगरून जायची. आजोबा अंगणातून आत येताना खोकायचे, म्हणजे तिला पदर सावरायला वेळ मिळावा. पंचमीला माहेरी धाडायला आजी कुरकुरायची, तर ते स्वतः बैल जुंपून उभे राहायचे. "मला लेक म्हणायचे," आई सांगायची. "सून म्हणून कवा हाकच मारली न्हाई."

मी शिकायला सांगलीत आलो तेव्हा ती सकाळच्या एसटीनं डबा पाठवायची. त्या वेळी खेड्यापाड्यांतल्या आया असेच डबे पाठवायच्या. कंडक्टर ते स्टँडवर उतरवून ठेवायचा आणि आम्ही पोरं आपापला डबा शोधून घ्यायचो. डब्याच्या फडक्याला ती चिठ्ठी टाचायची, तिच्या गोल अक्षरात, तिनं ठेवलेल्या नावानं. त्यामुळं सांगलीतही मी पहिल्या महिन्यातच चुकीच्या नावाचा झालो. रूमवरच्या पोरांशी मी त्यावरून भांडायचो. आणि डब्यातली भाकरी मोडताना मला कळायचं नाही, की मी नक्की कुणावर रागावलोय.

गेल्या साली वडील गेले. जमिनीला वारस म्हणून आईचं आणि माझं नाव लावायचं होतं. मी त्यांचा एकुलता एक. आईला घेऊन गेलो; वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम. तलाठी कार्यालयात नव्या तलाठी बाई होत्या, मराठवाड्याकडच्या, वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या. त्यांनी सगळे कागद चाळले आणि विचारलं, "सर, तुम्ही दोघं भाऊ ना? दुसरे कुठं असतात?"

मला आधी कळेचना. फौजेच्या कागदांवर एक मुलगा होता, आणि गावच्या जुन्या रेशनकार्डावर दुसरा. माझे चुलते पंच म्हणून शेजारी बसले होते. ते म्हणाले, "बाई, दुसरा बी ह्योच हाय."

"असं कसं लिहू मी, काका?"

"लिवू नका. हाय ते सांगितलं."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं. एक तर तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र करून आणायचं, की ही दोन्ही नावं एकाच माणसाची. नाहीतर आजींनी इथं पंचांसमोर सांगायचं, की मला एकच मुलगा, त्याचं खरं नाव हे; तसा जबाब त्या लिहून घेतील. दोन्ही चालेल.

मी लगेच म्हणालो, प्रतिज्ञापत्र करतो. तोंडानं तसं म्हणालो खरं. पण दुसरा मार्ग ऐकल्याबरोबर मी आईकडं पाहिलं होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, केस पांढरे, घरात कॉलेजला जाणारी मुलगी, आणि मनात अजून ते पुस्तकावर बोट ठेवणारं पोरगंच. आईनं माझ्याकडं पाहिलं. तिनं ते ओळखलं की नाही, मला माहीत नाही. मी किती वेळा त्या क्षणाचा विचार केला, तरी मला ते ठरवता येत नाही.

"परत कशाला हेलपाटा घालायचा?" ती म्हणाली. "त्येची कॉलेजातली पोरं खोळंबत्यात. सांगते म्या."

चुलत्यांनी चमकून तिच्याकडं पाहिलं. "वैनी, आवं..."

"सांगते म्हणलं न्हवं?"

बाईंनी पेन उघडलं. "सांगा आजी. मुलाचं नाव?"

आईनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला आणि तोंड भिंतीकडं केलं. तिथं एक जुनं कॅलेंडर आणि खाली एक मोडकी खुर्ची, बाकी कुणी नव्हतं. पण ती कुणीतरी समोर असावं तशी वाकून उभी होती. पुटपुटली, "मामंजी, चुकलं तर पदरात घ्या." आणि मग तिनं नाव घेतलं. माझं. सगळंच्या सगळं, पहिल्या अक्षरासकट. आवाज बारीक होता, पण नाव स्वच्छ होतं. इतक्या वर्षांत ते तिच्या तोंडात एकदाही आलं नव्हतं, तरी ते कुठंही अडखळलं नाही.

बाईंनी लिहून घेतलं. आईनं सही केली. चुलते खाली मान घालून बसले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याची वाटही पाहिली, तिथं खुर्चीत बसल्याबसल्या. तो काही आला नाही. तिनं नाव घेतलं तेव्हा मी "काय?" म्हणून ओ दिली नाही, माझी मानही वळली नाही. ते माझं नाव होतं, बरोबर होतं, आणि ते ऐकताना मला वाटलं, आई दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतेय आणि मी मधेच ऐकतोय.

घरी आल्यावर ती आत जायच्या आधी नळापाशी गेली आणि तिनं चूळ भरली. जेवणं झाली, मी सांगलीला परत आलो. पुढच्या महिन्यात नोंद झाल्याचं चुलत्यांनी फोनवर कळवलं. माझं नाव अगदी बरोबर लागलं होतं. बायकोनं शेवया केल्या.

मग मला हळूहळू जाणवायला लागलं, की आई मला हाकच मारत नाही. फोनवर म्हणायची, "आरं, हाय का?" गावी गेलो की, "आरं, जेवाय चल." "आरं, पंप बंद कर." आधी वाटलं, सहज असेल. पण मी शेताच्या दुसऱ्या टोकाला असलो तरी ती हाक मारायची नाही, शेजारच्या कुणाला तरी धाडायची, "जा गं, आमच्या त्येला बोलीव." आयुष्यभर ज्या नावानं तिनं माझा पिच्छा पुरवला, ते नाव तिच्या तोंडातून पार गेलं होतं.

शेवटी मी विचारलं. ती परड्यात मिरच्यांचे देठ खुडत होती.

"आई, तू मला हाक का मारीना झालीस?"

तिनं हातातली मिरची सुपात टाकली. मग म्हणाली, "मामंजींचं नाव राखायचं म्हणून तुला ते दुसरं ठेवलं हुतं. आता राखायचं काय ऱ्हायलं? चारचौघांत घेऊन बसले म्या. आता परत ते खोटं घेतलं तर मामंजी म्हणतील, लेकी, मग तवा नेम मोडलास कशाला?"

"मग खरं घे की. आता घेतलंयसच."

"ते एकदाच. तुझं अडलं हुतं म्हणून." तिनं मान हलवली. "जिभंवर येत न्हाई ते. येऊ बी नये."

मला तिचं म्हणणं चुकीचं आहे असं म्हणता येईना, आणि बरोबर आहे असंही म्हणता येईना. मी शिकवतो तो विषय असा आहे, की त्यात उत्तर एकच असतं. इथं मला प्रश्नच नीट मांडता येईना. तिनं माझ्यासाठी ते केलं होतं. मी मागितलं नव्हतं, आणि जन्मभर तेच मागितलं होतं. आणि ते देताना तिनं दुसरं, मी न मागता मिळालेलं नावही परत घेतलं होतं. मला भयंकर एकटं वाटलं. वडील गेले तेव्हाही असं वाटलं नव्हतं.

आता कॉलेजात कुणी माझं नाव चुकीचं लिहिलं की मी आधी त्या कागदाकडं बघत राहतो. परवा एका लग्नपत्रिकेत चुकलं होतं. बायको म्हणाली, "अहो, फोन करा की, भांडा." मी फोन केला आणि पोराला आशीर्वाद कळवून ठेवून दिला. तिला वाटलं, म्हातारा होत चाललाय. मुलीला वाटलं, बाबा शहाणे झाले. दोघींपैकी कुणाचं खरं, ते मलाही माहीत नाही.

गेल्या रविवारी सकाळी आईचा फोन आला. "आरं, हाय का?" भुईमुगाच्या शेंगा कुणाबरोबर तरी पाठवायच्या होत्या, त्याचं ती सांगत होती. मी मधेच म्हणालो, "आई, ते राहू दे. मला एकदा नावानं हाक मार."

पलीकडं कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता तेवढा ऐकू येत होता.

"कंच्या नावानं?" तिनं विचारलं.

ती चिडून विचारत नव्हती. तिला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. मी सांगितलं असतं तर कदाचित तिनं ऐकलंही असतं. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. दोन्ही नावं माझ्या तोंडापर्यंत आली. एक घेतलं तर तिच्या जिभेवर जड, दुसरं घेतलं तर तिच्या लेखी खोटं, आणि माझं नक्की कोणतं, ते काही केल्या सांगता येईना.

"तुला बी म्हाईत न्हाई," आई हळूच म्हणाली. "मग म्या काय म्हणू, लेका?"